इचिरोची कारकीर्द बेसबॉल-रेफरन्सवर: बॅटचा हिशोब चोख, हाताचा अर्धाच

आउटफिल्डरची, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाची, कारकीर्द आकड्यांत पकडणं अवघड असतं. बॅटिंगची नोंद स्कोअरशीटवर आपोआप होते. मात्र उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसवर आलेली फेक, किंवा त्या फेकीच्या धास्तीने जागेवरच थांबलेला धावपटू, यांची नोंद ठेवायला वेगळी यंत्रणा लागते. म्हणून बेसबॉलच्या आकडेवारीची साइट बेसबॉल-रेफरन्स तपासायची तर इचिरो सुझुकीचं पान उघडावं. नऊ हंगाम जपानच्या ओरिक्स ब्लूवेव्हकडे, मग २००१ ते २०१९ अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये सिॲटल, न्यूयॉर्क यांकीज, मायामी आणि पुन्हा सिॲटल. साइटचं बळ आणि दुबळेपणा दोन्ही इथे एकदमच दिसतात.

साइट फुकट आहे, जाहिरातींवर चालते. शोधात नुसतं ‘सुझुकी’ टाकलं तर कॅचर कर्ट आणि शिकागो कब्जचा सेया हेही समोर येतात, म्हणून ‘इचिरो’च टाका. क्रिकइन्फोच्या पानांची सवय असलेल्यांनी एक गोष्ट आधी पक्की करावी: इथली सरासरी दर बाद होण्यामागच्या धावांची नाही, ती दर ॲट-बॅटमागच्या हिट्सची, म्हणजे फटका मारून सुखरूप बेस गाठण्याची, आहे. इचिरोचे ९,९३४ ॲट-बॅट आणि ३,०८९ हिट, म्हणून .३११. ॲट-बॅट आणि बॅटिंगला येण्याच्या एकूण वेळा या दोन रकान्यांत गल्लत करू नका. २००१ मध्ये तो ७३८ वेळा बॅटिंगला आला, पण ॲट-बॅट ६९२ धरले गेले. वॉक (चार वाइट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस), अंगावर लागलेले चेंडू आणि दोन्ही प्रकारचे सॅक्रिफाइस (धावपटूला पुढे नेताना स्वतः बाद होणं) वजा होतात. त्या वर्षी २४२ हिट, ५६ स्टोलन बेस (फटक्याविना पळून गाठलेले), .३५० सरासरी, शिवाय सर्वोत्तम नवोदित आणि एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) हे दोन्ही किताब.

वर्षवार तक्ता उत्तम आहे. ठळक आकडा म्हणजे त्या लीगमध्ये त्या वर्षी अव्वल. इचिरोच्या हिट्सच्या रकान्यावरून वरून खाली नजर टाकली की २००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षं दोनशेच्या वर दिसतात. त्यात २००४ चे २६२, जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडणारे. नुसता एकूण आकडा वाचून न कळणारी गोष्ट शेजारचे रकाने सांगतात: २४ डबल, ५ ट्रिपल, ८ होमरन. म्हणजे उरलेले २२५ हिट निव्वळ सिंगल, एकाच बेसचे. हा माणूस कसा खेळायचा, ते या एका ओळीत आहे.

मोठा खड्डा आहे तो २०१२ च्या ओळीत. जुलैमध्ये त्याला यांकीजकडे दिलं गेलं. त्यामुळे त्या वर्षाच्या तीन ओळी येतात: दोन्ही संघांची एकत्रित, सिॲटलची (१०५ हिट) आणि न्यूयॉर्कची (७३ हिट). तक्ता सीएसव्ही किंवा एक्सेलमध्ये उतरवून डोळे मिटून बेरीज केली तर १७८ हिट दोनदा मोजले जातात आणि कारकिर्दीची बेरीज ३,२६७ येते. एक तर एकत्रित ओळ काढून टाका, नाहीतर संघांच्या दोन ओळी. हंगामाच्या मधे संघ बदललेल्या प्रत्येक खेळाडूच्या बाबतीत हेच होतं.

जपानमधले आकडे मुख्य तक्त्यात मिळवलेले नाहीत, आणि तेच बरोबर आहे. मायनर आणि परदेशी लीगच्या दुव्यावर गेलं की ते वेगळ्या पानावर मिळतात: ९५१ सामने, १,२७८ हिट, १९९४ मध्ये १३० सामन्यांत २१० हिट. दोन्ही मिळून ४,३६७ होतात आणि मेजर लीगमध्ये सर्वाधिक हिट असलेल्या पीट रोझच्या ४,२५६ शी तुलना सुरू होते. ज्याला ती करायची त्याने करावी; साइट ती ढकलत नाही. तक्रार एवढीच की या पानावर मुख्य पानाइतके बारकावे नाहीत आणि मूल्यमापनाचे रकाने जवळपास नाहीतच. वयाच्या अठराव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंतचा इचिरो त्यामुळे पुसटच राहतो.

आता फील्डिंग. पुटआउट (स्वतः बाद करणं), असिस्ट (फेकीने बाद करायला मदत), चुका, डबल प्ले (एका चेंडूवर दोघे बाद) यांचा साधा तक्ता विश्वासार्ह आहे, पण असिस्टचा आकडा एकटा वाचू नये. हात जबरदस्त आहे हे सगळ्यांना कळलं की धावपटू पळायचे थांबतात आणि असिस्ट कमी होतात. ११ एप्रिल २००१ ला ओकलंडमध्ये इचिरोने राइट फील्डमधून टेरेन्स लाँगला तिसऱ्या बेसवर बाद केलं. सामन्याच्या प्ले-बाय-प्लेमध्ये ती एक रुक्ष ओळ आहे, असिस्टच्या रकान्यात फक्त एक. त्या फेकीनंतर किती जण दुसऱ्या बेसवरच थांबले असतील, ते पाहायला प्रगत फील्डिंगमध्ये खाली उतरा. तिथे थांबवलेले आणि बाद केलेले धावपटू टक्क्यांत आहेत. बहुतेक वाचक तिथवर जातच नाहीत.

त्याहून सावध राहावं ते डब्ल्यूएआरच्या बाबतीत, म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा या खेळाडूने किती विजय जास्त दिले त्या आकड्याबाबत. इचिरोचा ६०च्या आसपास आहे. त्यातला बॅटिंगचा भाग ठाम, फील्डिंगचा अंदाजाचा. साइट २००३ पासून एक मोजमाप वापरते आणि त्याआधी दुसरं. म्हणजे त्याची पहिली दोन वर्षं एका फुटपट्टीवर आणि पुढची दुसऱ्या. शिवाय २००७ चा पूर्ण हंगाम आणि २००६ व २००८ चा काही भाग तो सेंटर फील्डला होता. सेंटर अवघड जागा धरली जाते, त्यामुळे जागेसाठीची वजाबाकी त्या वर्षांत बदलते. एका वर्षाचा फील्डिंगचा आकडा घेऊन भांडू नये. तीन वर्षं एकत्र पाहावीत. फॅनग्राफ्स या दुसऱ्या आकडेवारीच्या साइटवर याच खेळाडूचा डब्ल्यूएआर वेगळा दिसतो, तो मुख्यतः फील्डिंग मोजण्याच्या पद्धतीमुळे. कुणाचं चुकलंय असं नाही. आणि फेकीचा वेग मैलांत शोधत असाल तर विसरा: चेंडू आणि खेळाडूंच्या हालचाली मोजणाऱ्या स्टॅटकास्ट यंत्रणेचा डेटा २०१५ पासूनचा, तेव्हा इचिरो एकेचाळीस वर्षांचा होता.

गेम लॉग, म्हणजे सामनावार नोंद, हा माझ्या मते या साइटचा सर्वात कमी वापरला जाणारा भाग. २००४ चा लॉग उघडा, पहिल्या सामन्याच्या ओळीवर क्लिक करा, मग १ ऑक्टोबरच्या. तेवढ्या टप्प्याची बेरीज मिळते. विक्रम मोडला तो हा दिवस. मोबाइलवर हे जमवताना बोटं दमतात, तक्ते आडवे सरकवावे लागतात, कॉम्प्युटरवरच बसा.

हॉल ऑफ फेमचा, म्हणजे मतदानाने निवडलेल्या थोर खेळाडूंच्या दालनाचा, विभाग गमतीचा. जेएडब्ल्यूएस म्हणजे एकूण डब्ल्यूएआर आणि सर्वोत्तम सात वर्षांचा डब्ल्यूएआर यांची सरासरी. त्यात इचिरो हॉलमधल्या राइट फील्डरांच्या सरासरीखाली येतो, आणि तरी २०२५ मध्ये ३९४ पैकी ३९३ मतं! मेजर लीगमधलं पदार्पण सत्ताविसाव्या वर्षी झालं, हे सूत्राला दिसत नाही. मतदारांना दिसलं.

माणसाचं आयुष्य इथे शोधू नका. जन्मतारीख, उंची, हात, करार, पुरस्कार एवढंच आहे. बालपण, वडिलांची तालीम, संघबदलामागची कारणं हवी असतील तर साबर या अमेरिकन संशोधन संस्थेचा चरित्रप्रकल्प सोबत उघडा. तोही फुकट आहे.

पैसे भरून मिळणारी स्टॅटहेड सेवा एका खेळाडूच्या अभ्यासाला लागत नाही. ‘दोनशे हिट आणि चाळीस स्टोलन बेस एकाच हंगामात कुणाकुणाचे’ असे प्रश्न विचारायचे असतील तरच घ्या. फुकटच्या पानावर तोवर बरंच बाकी असतं, उदाहरणार्थ पिचिंगच्या तक्त्यातली ती एकुलती ओळ: ४ ऑक्टोबर २०१५, फिलाडेल्फियाविरुद्ध मायामीकडून एक इनिंग, दोन हिट, एक धाव, ईआरए (पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ९.००.