खरा ख्रिस्ती विश्वास की आपल्या सोयीचा? ठरवायचं असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा

सोलापुरात आमच्या मंडळीत काही पोरंपोरी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यानं आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, तयारीला बसतात, काहीजण बाहेरून नव्याने येतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, की येशू मला आवडतो, प्रार्थना पण करतो मी, पण हे अख्खं बायबल, दर रविवारची उपासना, सगळं घ्यायलाच पाहिजे का, पटेल तेवढं घेतलं तर काय बिघडलं? प्रश्न प्रामाणिक आहे. असं विचारणाऱ्याला दरडावून गप्प बसवणं मला अजिबात पटत नाही.

आधी सोयीच्या विश्वासाबद्दल खरं बोलू. त्यात समाधान मिळतं, घरात कटकट होत नाही, नाताळला चर्चला जाता येतं आणि स्टेटसला वचन टाकता येतं. बहुतेक वेळा ते यिर्मया २९:११ असतं, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत ते. वचन खरंच आहे की. पण ते लिहिलंय बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना, आणि त्याच्या बरोब्बर आधीच्या ओळीत ७० वर्षं थांबायचं सांगितलंय, म्हणजे ऐकणाऱ्यातले कितीतरी जण तिथंच मरणार होते, आणि त्याच्याही वर म्हटलंय की तिथं घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. सोयीचा विश्वास ११ वी ओळ घेतो आणि १० वी सोडतो. खरा विश्वास अख्खं पान घेतो. फरक कळतो तो पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर येत नाही तेव्हा, कारण नुसती ११ वी ओळ धरलेल्याला देवानं फसवलं असं वाटायला लागतं.

आजारपणात पण तसंच. बरं होण्यासाठी प्रार्थना करावी, याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात ते स्पष्ट आहे आणि मी पण करतो. पण प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे कायमचा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, तरी काटा गेला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर आलं (२ करिंथ १२). हा अध्याय गाळला की मग दवाखान्यात पोराच्या उशाशी बसलेल्या आईला कुणीतरी सांगतं, तुमचाच विश्वास कमी पडला. फार क्रूर बोलणं आहे हे, आणि पवित्र शास्त्रात याला आधार नाही.

आता जे सगळ्यात जास्त टोचतं ते. सोयीचा विश्वास फक्त मोबाईलवाल्या तरुणांचा असतो असं समजू नका. पहिल्या बाकावर बसणारे, दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा) देणारे, पोरींच्या कपड्यांवर बोलणारे, त्यांच्यातही तो भरपूर सापडतो. गलती ३:२८ सगळ्यांना पाठ, ख्रिस्तात सगळे एक, आणि स्थळं बघायची वेळ आली की मुलगी विश्वासी पाहिजे पण आपल्यातलीच पाहिजे. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड सगळे एकमेकांच्या दाराला दार लावून राहतात, चादरीच्या कारखान्यात खांद्याला खांदा लावून काम केलेली माणसं आहेत, आणि प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, एकाच मेजाशी येणारे लग्नाच्या यादीत मात्र जात शोधतात. ही पण निवडानिवडच आहे, फक्त कडक नियमांचा कोट घातलेली. भावाभावातल्या जागेच्या भांडणाचं तेच, मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो की अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, आणि आपण अर्पण तेवढं वेळेवर देतो.

निवडून घेणं काही नवीन नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकानं जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, पूर्ण टाकला आणि लूकचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक, पण काटछाट करून ठेवलं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या थॉमस जेफरसननं १८२० च्या सुमारास पात्यानं शुभवर्तमानं कापली, येशूची शिकवण चिकटवली, चमत्कार वगळले, आणि त्याचं पुस्तक येशूच्या कबरेवर धोंड लोटून लोक निघून गेले इथंच संपतं. येशूबद्दल आदर होता त्याला. पण पुनरुत्थान नसेल तर विश्वास व्यर्थ असं पौल सरळ लिहितो (१ करिंथ १५), मग उरतो तो एक चांगला शिक्षक, जो मेला.

मात्र दोन गोष्टी उगीच सोयीच्या खात्यात टाकू नका. एक, उपासनेची रीत. कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली, पेटी-तबल्यावर गायलं म्हणून विश्वास पातळ होत नाही. आणि त्या माणसानं किंमत किती मोजली बघा, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि बायको-मुलापासून काही वर्षं ताटातूट झाली. दुसरी गोष्ट शंका. मार्क ९ मधला आजारी पोराचा बाप रडत म्हणतो, विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, आणि येशू त्याला परत पाठवत नाही.

खऱ्या विश्वासात कंटाळवाणे रविवार येतात, माफी मागावी लागते, जे मनापासून नको असतं ते ऐकावं लागतं. तरी मी तोच निवडा म्हणेन, कारण त्यात तारण कृपेनं आहे, माझ्या आवडीच्या किंवा माझ्या चांगुलपणाच्या जोरावर नाही, आणि माझी आवड वर्षा-दोन वर्षांत बदलते हे मला चांगलं माहितीय. तुमची तयारी नसेल तर पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, तसं सरळ सांगा, नावापुरतं सभासद होण्यापेक्षा ते बरं. मार्क १० मधल्या श्रीमंत तरुणाकडे येशूनं प्रेमानं बघितलं, असेल नसेल ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये म्हणाला, पण तो निघाला तेव्हा अट कमी केली नाही.

आणि ठरवण्याआधी मार्कचं शुभवर्तमान सलग वाचा, १६ च अध्याय आहेत, एका दुपारी होतात. जिथं जिथं पुढं सरकावंसं वाटेल तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि पाळकांकडे जाताना तेच पुस्तक घेऊन जा, बोलणं त्या खुणांपासूनच सुरू करा.