पंप गेला म्हणून सांगितलं, गेली होती वीतभर नळी

मंडळी, ज्यांच्या होडीत जुनं डिझेल इंजिन आहे त्यांनी हे जरूर वाचा. माझे ४१,५०० रुपये गेले, पण त्याहून मोठं काहीतरी जाता जाता वाचलं.

आमची होडी हर्णैची, वडिलांच्या वेळची, मूळची शिडाची. दोन सिलिंडरचं इंजिन नंतर बसवलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून इंजिन दोन महिने गप्प होतं. ऑगस्टमध्ये सुरू झटक्यात व्हायचं, पण रेस वाढवली की पंधरा-वीस मिनिटांत आचके देत बंद. हँडपंप मारला की पुन्हा चालू.

एका फिटरला बोलावलं. त्याने टाकीत डोकावलं नाही, फिल्टर उघडला नाही. इंजिनावर हात ठेवून म्हणाला, "शेठ, पंप गेला. नोझलपण गेल्यात. सीझन घालवायचा नसेल तर आजच उतरवू." पंप म्हणजे दाबाने नोझलमधून सिलिंडरमध्ये डिझेल सोडणारा मोठा पंप. बाकीच्या होड्या कोळंबी घेऊन येत होत्या, खलाशांना उचल देऊन झाली होती. मी हो म्हटलं.

चार दिवसांनी पंप हिरवागार रंग लावून परत आला. पावती "नंतर देतो", जुने पार्ट "दुकानातच टाकले". पंप बसवून त्याने एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढली आणि मला टाकी काठोकाठ भरायला लावली. इंजिन सुरेख चाललं. मी रोख पैसे मोजले.

पुढच्या फेऱ्या टाकी भरूनच मारल्या, त्यामुळे काही जाणवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात परत येताना टाकी निम्म्याखाली गेली होती आणि सुवर्णदुर्गाजवळ इंजिन बंद पडलं. वारा खडकांकडे नेत होता. बरोबर माझा एकोणीस वर्षांचा पुतण्या. नांगर पहिल्यांदा धरलाच नाही, दुसऱ्यांदा धरला. दुसऱ्या होडीने ओढून आणलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग गावातल्या एका म्हाताऱ्या फिटरकाकांना आणलं. त्यांनी दहा लिटरचा स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंच ठेवला आणि पारदर्शक नळीने थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, जोडला. पूर्ण रेसवर चाळीस मिनिटं इंजिनाने हूं की चूं केलं नाही. "बाबा, पंपाचा दोष असता तर कॅनवरपण बंद पडलं असतं," काका म्हणाले. मग टाकीकडून येणारी आमचीच लाइन परत जोडून मधे तो पारदर्शक तुकडा घातला. त्यातून बुडबुड्यांची माळच निघाली.

टाकी ते फिल्टर या रबरी नळीला क्लिपखाली केसाएवढी चीर होती, वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. टाकी भरली की डिझेलची पातळी चिरेच्या वर, म्हणून तिथं नुसता ओलावा. तो मी कित्येकदा फडक्याने पुसला होता. पातळी खाली गेली की फीड पंप तिथूनच हवा ओढायचा. बाहेर थेंब नाही, म्हणून कुणाला संशय नाही. काठोकाठ टाकीवर ट्रायल का घेतली ते तेव्हा उमगलं. नवी नळी सव्वाशे रुपयांना आली.

काकांनी पंपाचा रंग नखाने खरवडला. खाली झाकणाच्या बोल्टांवर जुनं मीठ आणि तेलाचा थर तसाच, पाना लागल्याची एक खूण नाही. शिशाचं जुनं सीलपण शाबूत. खरोखर उघडून तपासलेला पंप टेस्ट शीट घेऊन येतो, त्यात प्रत्येक सिलिंडरच्या लाइनला किती डिझेल जातं ते लिहिलेलं असतं. मला कागदाचा कपटाही मिळाला नव्हता. फिटरला फोन केला तर म्हणाला, "तेव्हा चाललं होतं ना?"

मागच्या आठवड्यात तोच शेजारच्या होडीचा पंप उतरवायला बंदरावर आला होता. मी कॅन आणि नळी घेऊन धावलो, मालकाला म्हटलं, आधी यावर चालव. इंजिन कॅनवर नीट चाललं. मग फिल्टरची वाटी सोडली, तर त्यात निम्मं पाणी.