अस्वलांच्या मुलखात छातीवर ग्लॉक २०: एका हंगामाचा अनुभव

अलास्कात मी नद्या-ओढ्यांचा प्रवाह मोजायचं काम करते. मे ते सप्टेंबर हा आमचा फील्डचा हंगाम. सॅमन मासे नदी चढतात आणि त्यांच्यामागे तपकिरी अस्वलं काठावर उतरतात, तेही याच दिवसांत. मांड्यांपर्यंत पाण्यात उभं राहून दोन्ही हातांनी मीटरचा दांडा धरायचा असतो. सोबतच्या सहकाऱ्याकडे शॉटगन असते, पण दोर ओढताना, नोंदी लिहिताना तीही काठावर ठेवावी लागते. काठावरची बंदूक पाण्यातल्या माणसाच्या कामाची नाही. म्हणून या हंगामाआधी मी ग्लॉक २० हे पिस्तूल घेतलं. १० मिलिमीटर ऑटो काडतुसाचं, पाचव्या पिढीचं. पाऊस, गाळ, होडी, हेलिकॉप्टर असा सगळा हंगाम ते माझ्या छातीवर होतं. इथे राहणाऱ्या, मासेमारीला किंवा डोंगरात जाणाऱ्या मराठी मंडळींकडून याबद्दल वारंवार विचारणा होते, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पिस्तुलाची चर्चा सुरू झाली की ती बाजूला पडते. माझा पहिला बचाव पिस्तूल नाही. आधी आवाज, मग अन्नाची शिस्त, मग बेअर स्प्रे (अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा), आणि त्यानंतर पिस्तूल. स्मिथ आणि हेरेरो या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसोबत २००८ साली अलास्कातल्या स्प्रेच्या घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा स्प्रेने त्यांना थोपवलं होतं, आणि जवळून गाठ पडलेल्या, स्प्रे बाळगणाऱ्या लोकांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नव्हती. त्याच अभ्यासकांनी २०१२ मध्ये बंदुकांच्या २६९ घटना पाहिल्या. त्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के, तर रायफल-शॉटगन ७६ टक्के वेळा यशस्वी ठरल्या. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून 'स्प्रे जिंकला' किंवा 'पिस्तूल रायफलीपेक्षा भारी' म्हणणं मला पटत नाही. स्प्रेच्या घटनांत नुसती चौकस अस्वलंही आहेत, आणि बंदूक बहुतेकदा प्रकरण हाताबाहेर गेल्यावरच निघते. पण बंदूक वापरणारे आणि न वापरणारे यांच्या इजांमध्ये फरक दिसला नाही, हा दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष मी गंभीरपणे घेते. नुसतं जवळ असल्याने पिस्तूल कोणाला वाचवत नाही.

मग ते घ्यायचंच कशाला? कारण स्प्रेलाही मर्यादा आहेत. समोरून जोराचा वारा असला की फवारा आपल्याच तोंडावर येतो. धो धो पावसात त्याचा पल्ला घटतो. थंडीत डब्यातला दाब कमी होतो. आणि डबा काही सेकंदांत रिकामा होतो. त्यानंतर काय, याचं उत्तर म्हणजे हे पिस्तूल.

आता निवड. इथल्या जुन्या माणसांचा सल्ला ठरलेला: .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर घे. त्यामागे कारणं आहेत. .४४ ची ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी १० मिमीच्या भारी गोळीपेक्षा साधारण दीडपट ऊर्जा घेऊन जाते. दुसरं कारण मला अधिक वजनदार वाटतं. अस्वल अंगावर असताना पिस्तुलाची नळी त्याच्या शरीरावर दाबली गेली, तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे सरकते आणि गोळी सुटतच नाही. रिव्हॉल्व्हरला ही अडचण नाही, ते पोटात खुपसूनही चालतं. रिव्हॉल्व्हरच्या बाजूने कुणी वाद घालायला आलं तर त्याने हा मुद्दा मांडावा, मी मान डोलावेन.

तरीही मी रिव्हॉल्व्हर घेतलं नाही. रुगरचं सुपर रेडहॉक अलास्कन चालवून पाहिलं. अडीच इंची नळी, सहा गोळ्या, रिकामं असतानाच सव्वा किलोच्या आसपास. दणकट वस्तू आहे. सहकाऱ्याचं स्मिथ अँड वेसनचं ३२९पीडीही चालवलं. ते जेमतेम सातशे ग्रॅमचं, दिवसभर अंगावर जाणवतही नाही. पण त्यातून पूर्ण ताकदीची गोळी सुटली की तळहाताला अंगठ्याच्या मुळाशी असा झटका बसतो की दुसऱ्या गोळीसाठी नेम परत जुळवेपर्यंत बराच वेळ जातो. दोन-चार सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं चाक) झाडल्यावर हात आपोआप आकसायला लागतो, गोळी सुटण्याआधीच नळी खाली झुकते. ज्या हत्याराचा सराव नकोसा होतो, त्याने मी धावत्या अस्वलावर नेम धरू शकेन असं मला वाटत नाही. अस्वल ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर वेगाने येतं, म्हणजे तीस मीटर अंतर दोन सेकंदांत. तेवढ्यात .४४ ची एक गोळी झाडायची की १० मिमीच्या तीन, हा माझ्यासाठी खरा प्रश्न होता.

ग्लॉक २० मध्ये मॅगझिनला पंधरा गोळ्या. पूर्ण भरलेलं वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास. धक्का नक्कीच आहे, ९ मिमीशी त्याची तुलनाच नको. पण तो मागे ढकलणारा धक्का आहे, हाडात शिरणारा नाही. सराव करून दमायला होतं, दुखत नाही. ग्रीनलंडमध्ये गस्त घालणाऱ्या डेन्मार्कच्या सिरियस तुकडीकडेही हेच पिस्तूल आहे, आणि तिथे गाठ ध्रुवीय अस्वलाशी असते. त्यांच्याकडे रायफलीही आहेत, हे मात्र विसरायला नको. पिस्तूल तिथेही दुय्यमच.

मुठीबद्दल बायकांसाठी आणि लहान पंजाच्या पुरुषांसाठी खास सांगते. १० मिमीचं काडतूस लांब, त्यामुळे मूठ पुढून मागे रुंद आहे. पाचव्या पिढीत मुठीवरचे बोटांचे उंचवटे काढून टाकलेत, हे माझ्या दृष्टीने मोठंच काम झालं, कारण ते माझ्या बोटांच्या जागी कधी यायचेच नाहीत. तरीही ट्रिगरपर्यंत तर्जनीचं पहिलं पेरच पोहोचतं, तेही मनगट थोडं वळवून. जाड हातमोजे घातले की आणखी कठीण. मी पातळ, बोटांना चिकटून बसणारे मोजे घेतले. दुकानात आधी हातात धरून बघा, मुठीच्या मागे लावायची जोडपट्टी न लावता. तरीही बोट ट्रिगरवर नीट बसत नसेल तर दुसरं काहीतरी घ्या. ज्या ९ मिमीवर हात बसलाय ते नीट चालवणं, न पेलणाऱ्या १० मिमीपेक्षा बरं. २०१६ मध्ये अलास्कातल्या एका अनुभवी गाइडने मासेमारीला आलेल्या पाहुण्यांवर चालून आलेलं तपकिरी अस्वल ९ मिमीने मारलं होतं. ९ मिमी घ्या असा त्याचा अर्थ नाही. गोळी योग्य प्रकारची होती आणि माणूस डगमगलेला नव्हता, हे त्यातून घ्यायचं.

गोळीचा प्रकार हा कॅलिबरइतकाच महत्त्वाचा विषय आहे. माणसापासून बचावासाठी विकल्या जाणाऱ्या, आत जाऊन फुलणाऱ्या पोकळ टोकाच्या गोळ्या इथे चालत नाहीत. त्या चरबीत आणि खांद्याच्या स्नायूतच थांबू शकतात. इथे खोलवर, सरळ जाणारी गोळी हवी. कवटीचं किंवा खांद्याचं हाड फोडून मेंदू, मणका गाठणारी. म्हणून इथले लोक कठीण शिशाची, चपट्या टोकाची २०० ते २२० ग्रेनची गोळी वापरतात. २२० ग्रेन म्हणजे चौदा ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ३६५ मीटर. पण कंपनी ग्लॉकच्या नळीत उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं सांगते, कारण आत शिसं साचून दाब वाढू शकतो. काही जण त्यासाठी दुसऱ्या कंपनीची नळी बसवतात. मी पॉलिमरचं वेष्टन असलेली २०० ग्रेनची गोळी निवडली आणि प्रत्येक सरावानंतर नळी उजेडात धरून तपासते. आतापर्यंत ती स्वच्छ निघाली आहे.

आधी घेतलेली एका छोट्या उत्पादकाची भारी गोळी मात्र माझ्या पिस्तुलात नीट चढायची नाही. अधूनमधून काडतूस नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर तिरकं अडकायचं आणि स्लाइड अर्ध्यात थांबायची. दुसऱ्या गोळीवर ही तक्रार पूर्ण गेली. म्हणून एक सांगणं: अस्वलासाठी जी गोळी भरणार, तीच किमान शंभर-दोनशे आपल्या पिस्तुलातून, आपल्या हातून झाडून बघा. वीस गोळ्यांच्या पेटीला पस्तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात, खिशाला चाट बसते. तरी इथे काटकसर करू नका. रोजच्या सरावाला स्वस्त गोळ्या चालतील.

होल्स्टर छातीवरचंच घ्या. कमरेवर सॅकचा पट्टा येतो, वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) येतात, पाणी येतं. मी कडक प्लास्टिकचं, अंगठ्याने सोडायची खिट्टी असलेलं घेतलंय. पट्टा डाव्या खांद्यावरून, मूठ उजव्या हाताशी. होडीत वाकताना, दांडा फिरवताना ते आड येत नाही. हिमनदीचं पाणी मात्र दुधी असतं, त्यातला दगडाचा बारीक पीठ झालेला गाळ होल्स्टरमध्ये शिरतो आणि स्लाइडवर घासला जातो. रोज संध्याकाळी होल्स्टर गोड्या पाण्याने धुणं, पिस्तूल उघडून पुसणं आणि तेलाचा पातळ हात फिरवणं हे ठरलेलं काम. स्लाइडवर रेघा उमटल्यात, गंज नाही.

चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, गोळी ठेवायची का, यावर घरी बरीच चर्चा झाली. ग्लॉकला हाताने लावायची वेगळी सेफ्टी नसते, त्यामुळे नवऱ्याची काळजी रास्त होती. मी फील्डमध्ये गोळी चढवूनच ठेवते, कारण स्लाइड ओढायला दोन हात लागतात आणि दुसरा हात मोकळा असेलच असं नाही. अट एकच, पिस्तूल सदैव ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये. कॅम्पवर आलं की रिकामं करून कुलूपबंद.

सरावासाठी अँकरेजमध्ये राज्याच्या वन्यजीव खात्याचं रॅबिट क्रीक शूटिंग पार्क आहे. कागदावर पंचवीस यार्डांवर गोळ्यांचा सुंदर गुच्छ पाडणं इथे फारसं उपयोगी नाही. आमच्या कामावरच्या प्रशिक्षणात अस्वलाचं चित्र लावलेली गाडी दोरीने ओढून अंगावर आणतात. उंची गुडघ्याच्या थोडी वर, डोकं खाली, खांदे हलताहेत. पहिल्यांदा ती गाडी येताना दिसली की सगळे जण उंच नेम धरतात. जमिनीलगत येणाऱ्या डोक्यावर गोळी घालायची तर नळी आपल्याला वाटते त्यापेक्षा खाली न्यावी लागते. हे एकदा अंगवळणी पडलं की पिस्तूल काढण्याच्या वेगाचं दडपण कमी होतं.

ऑगस्टमध्ये कीनाय द्वीपकल्पातल्या एका ओढ्यावर प्रत्यक्ष वेळ आली. वळणावरच्या अल्डरच्या झुडपातून एक मादी आणि दोन मोठी पिल्लं बाहेर आली, अंतर चाळीस पावलांचं. मी पाण्यात, सहकारी काठावर. त्याने स्प्रेची खिट्टी काढली. मी मीटरचा दांडा काखेत घेतला, एक हात वर केला, दुसरा पिस्तुलाच्या मुठीवर ठेवला आणि खालच्या आवाजात मराठीतच बोलत राहिले. तिला माणसाचा आवाज कळला की पुरे. मादी मागच्या पायांवर उभी राहिली, नाक वर करून वास घेतला, एकदा जबडे खटखट वाजवले. आम्ही एक एक पाऊल बाजूला सरकलो, पळालो नाही. ती पिल्लांना घेऊन वरच्या अंगाला निघून गेली. ना फवारा सुटला, ना गोळी. मी मूळची चंद्रपूरची, ताडोबाकडची अस्वलं पाहिलेली. पण तिकडचं अस्वल शंभर-सव्वाशे किलोचं, इथला किनाऱ्याकडचा नर चारशे किलोंच्याही पुढे जातो. त्या मादीचा नुसता खांदा बघितला तरी पिस्तुलाला दुय्यम का म्हणतात ते समजतं. राज्याचं वन्यजीव खातंही .३०० मॅग्नम रायफल किंवा स्लगची (एकच मोठी गोळी असलेल्या काडतुसाची) १२ गेज शॉटगन सुचवतं, आणि .४४ मॅग्नमसुद्धा अपुरं पडू शकतं असं बजावतं.

कायद्याबद्दल थोडं, कारण आपल्या लोकांचा इथे गोंधळ होतो. अलास्कात पिस्तूल बाळगायला राज्याचा परवाना लागत नाही, पण एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, पण त्या वाटेने जायचं तर आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर पार्श्वभूमी तपासून दुकानातून घेता येतं. जिवावर बेतलं म्हणून अस्वल मारलं तर विषय तिथे संपत नाही. नखांसह कातडं आणि कवटी सोडवून राज्याकडे जमा करावी लागते, पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. उघड्यावर टाकलेल्या अन्नामुळे अस्वल आलं असेल तर बचावाचा दावा टिकत नाही. आणि खालच्या, म्हणजे कॅनडाच्या दक्षिणेकडच्या अमेरिकी राज्यांतून गाडीने येणार असाल तर मध्ये कॅनडा आहे, तिथून हे पिस्तूल असं सोबत आणता येत नाही.

विमानाने येताना पिस्तूल रिकामं करून, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून सामानात देता येतं. बेअर स्प्रे मात्र हातातल्या किंवा चेक-इन, कुठल्याच सामानात चालत नाही. पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून कुणी पाहुणे आले की मी त्यांना अँकरेजमध्ये उतरल्यावर माणशी एक डबा विकत घ्यायला लावते, मुदत संपलेल्या डब्याने अंगणात एकदा फवारायला लावते, आणि जाताना उरलेले डबे आमच्या फील्डच्या खोक्यात जातात.