कागदी लिंबावरची नागअळी: इमिडाक्लोप्रिड की निंबोळी तेल?

नागअळीचं औषध मागितलं की दुकानदार इमिडाक्लोप्रिड हे झाडात भिनणारं कीटकनाशक काढून देतो, आणि खोटं कशाला बोला, काम तेच जास्त चोख करतं. अळी पानाच्या पापुद्र्याखाली असते, वरून मारलेलं पुष्कळसं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. इमिडाक्लोप्रिड मुळाशी घातलं की पाण्याबरोबर चढून नव्या पालवीत जातं आणि तिथे काही आठवडे टिकतं. पाऊस आला, ऊन तापलं, तरी फरक पडत नाही.

निंबोळी तेलाचं तसं नाही. त्यातलं किडीवर काम करणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हात दोन-चार दिवसांत निकामी होतं. म्हणून संध्याकाळी मारायचं, आठवड्याने पुन्हा मारायचं, तेही पालवी नखाएवढी असतानाच. अळीने पानात कोरलेली चंदेरी रेघ चांगली लांबली की आतली अळी त्याला फारशी जुमानत नाही. इंदूरच्या थंडीत तेल बाटलीत तुपासारखं थिजतं. बाटली गरम पाण्यात धरा, साबणाच्या पाण्यात घोटा, तरी पंपाचं नोझल चोंदायचं ते चोंदतंच. वासाचं तर विचारूच नका, शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात.

एवढं असून मी निंबोळीकडे वळलो ते पोह्यांमुळे. आमचं झाड स्वयंपाकघराच्या दाराशी. सकाळी पोहे झाले की कुणीतरी हात वर करून लिंबू तोडतंच. इमिडाक्लोप्रिड घातल्यावर ‘तोडू नका’ हे सांगायचं तरी किती जणांना? फांदीला लाल चिंधी बांधून पाहिली, तर आलेल्या मावशींना वाटलं नवस बोललाय! बागायतदार बहार धरतो, म्हणजे झाडाला ठरल्या वेळी एकदम फुलवतो, त्याला फळ कधी उतरणार ते ठाऊक असतं. घरच्या लिंबावर फूल, कोवळी फळं आणि पिकलेलं लिंबू एकाच वेळी. मग लेबलवरचे थांबायचे दिवस मोजायचे कुठून? शिवाय फुलांवर मधमाश्या असतातच. युरोपीय संघाने २०१८ मध्ये हे औषध उघड्या शेतात वापरायला बंदी घातली ती त्यांच्यासाठीच.

तुमचं रोप वर्षा-दोन वर्षांचं, अजून न फुललेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पालवी गेली तर वाढ खुंटते, आणि अळीने केलेल्या जखमांतून पानाफळांवर खडबडीत डाग पाडणारा खैऱ्या रोगही शिरतो. अशा वेळी लेबलवरच्या मात्रेत इमिडाक्लोप्रिड घातलंत तर माझी हरकत नाही.

मोठं झाड चुरमडलेल्या पानांनिशीही फळतं. ती पानं खुडू नका, त्यांचा हिरवा भाग अन्न करतच असतो. युरिया मात्र आवरा, भसाभस पालवी फुटली की अळीची चंगळ. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेबांची कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ याच गावातली, आणि आपण झाडाखाली युरिया ओततो! मृगाच्या पावसानंतर कोंब दिसले की उघडीप बघून त्याच संध्याकाळी पहिला फवारा घ्या. पानं मोठी होईपर्यंत थांबलात, तर निंबोळीला नावं ठेवू नका.