हातातला डीएससी व्हीएचएफ संच : लाल बटणाची परीक्षा

लहान बोटींसाठी मिळणारे हातात मावणारे सागरी व्हीएचएफ संच, म्हणजे बिनतारी रेडिओ, आता केवळ बोलण्यापुरते राहिलेले नाहीत. अंगभूत जीपीएस आणि डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग, म्हणजेच न बोलता तयार संकेत-संदेश पाठवणारी डीएससी सोय, असलेला असा एक संच मी गेला हंगामभर वापरला. मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक संचांची रचना इतकी सारखी असते की पुढे सांगितलेले गुणदोष थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडावेत. संच चांगला आहे. मात्र त्याच्या खोक्यावर जे छापलेले असते त्यावर विसंबून तो घेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

घेण्याचे मुख्य कारण म्हणजे स्प्रिंगच्या झाकणाखाली बसवलेले लाल बटण. झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरले की संच ‘बीप’ करत उलटी मोजणी करतो आणि मग चॅनेल ७० वर, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झवर, संकटाचा डिजिटल संदेश सोडतो. बोटीचा ओळख क्रमांक, अक्षांश-रेखांश, ते नोंदले गेल्याची वेळ आणि संकटाचा प्रकार एवढी सगळी माहिती अर्ध्या सेकंदाच्या आसपास निघून जाते. पलीकडून पोच मिळाली नाही तर साडेतीन ते साडेचार मिनिटांच्या अंतराने तोच संदेश आपोआप पुन्हा जात राहतो. हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी राखलेल्या चॅनेल १६ वर कोणीतरी कान देऊन बसलेले असेल, त्याने स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारी पातळी, फार चढवून ठेवलेला नसेल आणि नेमक्या त्याच वेळी दुसरे कोणी बोलत नसेल, एवढ्या सगळ्या गोष्टी जुळून येण्यावर जुना ‘मेडे’, म्हणजे तोंडी संकटहाक, अवलंबून असे. डीएससीमुळे टप्प्यातल्या प्रत्येक सज्ज संचावर थेट गजर वाजतो. १९९२ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊन १ फेब्रुवारी १९९९ रोजी पूर्णपणे अमलात आलेल्या जीएमडीएसएस या सागरी संकट-संपर्काच्या जागतिक व्यवस्थेने मोठ्या जहाजांना जी सोय दिली, तिचाच हा खिशात मावणारा अंश आहे. माझी तक्रार आहे ती झाकणाविषयी. कोरड्या बोटांनी ते सहज उघडते, पण ओला हातमोजा घातलेला असेल तर अंगठा घसरतो आणि कडेची खाच शोधावी लागते.

आता खरी मेख. एमएमएसआय नावाचा नऊ आकडी ओळख क्रमांक भरल्याशिवाय हे बटण निकामी असते आणि संच खोक्यातून निघतो तेव्हा ती जागा रिकामीच असते. या संचाच्या माहितीपुस्तिकेत ही गोष्ट पहिल्या पानावर ठळक छापायला हवी होती. प्रत्यक्षात ती बॅकलाइट आणि कळांचा आवाज यांच्या मांडणीनंतर कुठेतरी येते. क्रमांक चुकीचा भरला गेला तर तो बदलण्याची मुभा एखाद-दुसऱ्या वेळेपुरतीच असते, त्यानंतर संच विक्रेत्याकडे न्यावा लागतो. सरावाने आकडे टंकणाऱ्यानेही इथे दोनदा वाचून मगच शेवटची कळ दाबावी. क्रमांक मिळवण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत: काही ठिकाणी हातातल्या संचाला ८ ने सुरू होणारा स्वतंत्र क्रमांक मिळतो, तर काही ठिकाणी बोटीचाच क्रमांक त्यात भरतात. दुसऱ्या बोटीचा क्रमांक असलेला उसना संच मात्र घेऊ नये. शोध घेणाऱ्यांच्या नोंदवहीत त्या क्रमांकापुढे भलत्याच बोटीचे वर्णन आणि भलत्याच घरचा दूरध्वनी असतो.

जीपीएसने अपेक्षेपेक्षा बरी साथ दिली. उघड्यावर स्थान लवकर मिळते. केबिनमध्ये गेल्यावर मात्र पडद्यावर जुनेच अक्षांश-रेखांश रेंगाळतात आणि फक्त शेजारची वेळ मागे पडत जाते. म्हणून आकड्यांपेक्षा आधी त्या वेळेकडे बघण्याची सवय लावून घ्यावी. आग, टक्कर, बुडणे, माणूस पाण्यात पडणे असा संकटाचा प्रकार निवडण्याची यादीही दिलेली आहे, पण गार पडलेल्या बोटांनी ती चाळत बसण्यात अर्थ नाही. प्रकार न निवडता बटण दाबावे आणि काय झाले ते चॅनेल १६ वर तोंडाने सांगावे.

पल्ल्याबाबत जाहिराती सर्वात जास्त दिशाभूल करतात. हातातला संच ५ ते ६ वॅटचा आणि बोटीवर पक्का बसवलेला २५ वॅटचा, हा फरक वाटतो तेवढा निर्णायक नाही. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने सारा खेळ अँटेनाच्या उंचीचा असतो. पाण्यापासून दोन मीटरवर धरलेल्या संचाचे रेडिओ-क्षितिज, म्हणजे लहरी पोहोचण्याची हद्द, जेमतेम तीन सागरी मैलांवर असते. पंधरा मीटर उंच डोलकाठीच्या टोकावरून तेच साडेआठ मैलांच्या पुढे जाते. समोर शंभर मीटर उंचीवरचे किनारी केंद्र असेल तर हातातल्या संचाचा पल्लाही हिशेबाने पंचवीस मैलांच्या घरात पोहोचतो, पण दोन वेगळ्या तराफ्यांत बसलेल्या माणसांमध्ये तो तीन-चार मैलांपुरताच उरतो. त्यामुळे हा संच पक्क्या संचाच्या जोडीला घ्यावा, त्याच्या जागी नव्हे. किनाऱ्यापासून लांब जाणाऱ्यांना ४०६ मेगाहर्ट्झवर शोध-बचावाच्या कॉस्पास-सारसॅट उपग्रहांना संदेश देणारा ईपर्ब, म्हणजे आणीबाणीचा रेडिओ-संकेतक, लागतोच.

पाण्याच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. आयपीएक्स७, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे, ही हमी आहे. संच तरंगतो आणि ओला होताच दिवा लुकलुकू लागतो. स्पीकरच्या जाळीत पाणी साचून आवाज घुसमटला तर ते थरथराटाने बाहेर फेकण्याची कळ आहे आणि ती खरोखर उपयोगी पडते.

बॅटरीचे तास वाचताना सावध राहावे. बहुतेक उत्पादक ५ टक्के प्रक्षेपण, ५ टक्के ग्रहण आणि ९० टक्के नुसते ऐकत राहणे असे गृहीत धरून ते मोजतात; संकटात माणूस याच्या कितीतरी पट बोलतो. जहाजांच्या बचावनौकांसाठीचे जीएमडीएसएस संच प्रक्षेपणाचा एक भाग आणि ऐकण्याचे नऊ भाग या प्रमाणात किमान आठ तास चालावेच लागतात आणि त्यांची मोहोरबंद लिथियम बॅटरी आणीबाणीसाठीच राखलेली असते. इथे ती शिस्त आपली आपणच पाळायची आहे. चार्जिंगच्या टोकांवर मीठ धरते, तेही गोड्या पाण्याने पुसावे लागते.

चाचणीसाठी लाल बटण कधीही दाबू नये. त्यासाठी वेगळा चाचणी-संदेश आहे, तो ओळखीच्या बोटीच्या क्रमांकावर पाठवून उत्तर येते का ते पाहावे. चुकून संकटसंदेश गेलाच तर घाबरून संच नुसता बंद केल्यास किनाऱ्यावरचे लोक शोधाला लागतात. या संचात रद्द करण्याचा पर्याय थेट पडद्यावर येतो, ही जमेची बाजू आहे. पण तो दाबल्यानंतरही चॅनेल १६ वर बोटीचे नाव, क्रमांक आणि स्थान सांगून संदेश मागे घेतल्याचे स्वतःच्या तोंडाने जाहीर करावे लागते, आणि हे मात्र पुस्तिकेत कुठेच लिहिलेले नाही.