एईएस-जीसीएम की चाचा२०-पॉली१३०५: तुमच्या कामाला कोणतं?

सिमेट्रिक एन्क्रिप्शनमध्ये मजकूर बंद करणारी आणि उघडणारी गुप्त किल्ली एकच असते. ती समोरच्यापर्यंत सुखरूप पोचवायला आरएसएसारख्या असिमेट्रिक पद्धती असतात, ज्यांत बंद करायची किल्ली सार्वजनिक आणि उघडायची खासगी असते; पण त्या संथ, म्हणून खुद्द डेटा सिमेट्रिक पद्धतीनेच बंद करतात. आधार प्रमाणीकरणात हीच जोडी आहे. बोटाच्या ठशाची माहिती एईएस या सिमेट्रिक पद्धतीच्या २५६ बिटांच्या तात्पुरत्या किल्लीने बंद होते आणि ती छोटी किल्ली तेवढी आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयच्या सार्वजनिक किल्लीने झाकून पाठवतात.

नवं काही लिहिताना डीईएस आणि ट्रिपल-डीईएस या जुन्या सिमेट्रिक पद्धतींचा विचारही करू नका. डीईएसची किल्ली फक्त ५६ बिटांची. १९९८ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या खास यंत्राने ती तीन दिवसांच्या आत शोधली. ट्रिपल-डीईएसने नवा डेटा बंद करण्याची मुभा अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२३ अखेर संपवली. मग खरी निवड उरते ती शीर्षकातल्या दोघांत. जीसीएम ही एईएस वापरण्याची, छेडछाडही ओळखणारी पद्धत; चाचा२० च्या जोडीला तेच पडताळणीचं काम पॉली१३०५ करतं. दोन्ही मजकूर लपवतात, आणि वाटेत कोणी एक बिट जरी बदलला तरी उघडायला नकार देतात.

एईएस ही योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन या बेल्जियन संशोधकांची रचना. खुल्या स्पर्धेतून निवडली गेली आणि २००१ साली मानक झाली. चाचा२० डॅनियल बर्नस्टाईन यांनी २००८ साली मांडलं. त्यात ३२ बिटांच्या संख्यांची बेरीज, एक्सऑर (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०) आणि बिट फिरवणं, एवढ्याच क्रिया आहेत. किल्ली फोडण्याचा व्यवहार्य मार्ग दोन्हींत कोणालाही सापडलेला नाही. त्यामुळे ‘जास्त मजबूत कोण’ या वादात वेळ घालवू नये.

वेगाचं उत्तर मात्र तुमच्या प्रोसेसरकडे आहे. इंटेलने २०१० पासून प्रोसेसरमध्येच एईएससाठी खास सूचना (इन्स्ट्रक्शन्स) दिल्या आणि आजच्या बहुतेक लॅपटॉप, सर्व्हर व चांगल्या फोनमध्ये त्या असतात. तिथे एईएस-जीसीएम सहसा पुढे राहतं. सूचना नसतील तर चित्र उलटतं. २०१४ साली गूगलने अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये चाचा२० आणलं, तेव्हा अशा उपकरणांवर ते तिप्पट वेगवान असल्याचं सांगितलं होतं. रास्पबेरी पाय ४ मध्ये या सूचना नाहीत, पाय ५ मध्ये आहेत. शंका असेल तर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरची स्पीड चाचणी तुमच्याच यंत्रावर चालवा. आणि वेगाइतकंच महत्त्वाचं: सूचनांशिवाय, मेमरीतले तयार तक्ते वापरून लिहिलेलं एईएस, कॅशमधून (प्रोसेसरच्या जवळच्या मेमरीतून) ते वाचायला लागणाऱ्या वेळेवरून किल्लीचा सुगावा देऊ शकतं. चाचा२० मध्ये तक्तेच नाहीत.

आता नॉन्स, म्हणजे प्रत्येक संदेशासाठी एकदाच वापरायची संख्या. माझ्या मते निवड इथे ठरायला हवी. दोन्ही पद्धती किल्ली, नॉन्स आणि संदेशातल्या ठोकळ्याचा क्रमांक यांपासून बिटांचा प्रवाह तयार करतात आणि तो मजकुराशी एक्सऑर करतात. त्याच किल्लीने तोच नॉन्स दुसऱ्यांदा वापरला, की प्रवाहही तोच येतो. दोन्ही बंद मजकूर एकमेकांशी एक्सऑर केले की किल्ली न कळताही मूळ मजकुरांमधला फरक उघडा पडतो. जीसीएममध्ये नुकसान इथे थांबत नाही. पडताळणीची अंतर्गत किल्लीही हाती लागू शकते, आणि मग हल्लेखोर त्या किल्लीखाली बनावट संदेश खपवू शकतो. पॉली१३०५ ची पडताळणी-किल्ली प्रत्येक नॉन्ससाठी वेगळी निघते, त्यामुळे बनावटीचा धोका त्या एका नॉन्सपुरता राहतो.

नॉन्स दोन्हींत ९६ बिटांचा. प्रत्येक संदेशाला पुढचा आकडा नॉन्स म्हणून देणारा काउंटर नीट सांभाळता येत असेल तर प्रश्न नाही. पण यादृच्छिक नॉन्स घेणार असाल, तर जीसीएममध्ये एका किल्लीने २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी संदेशांपलीकडे जाऊ नये, असं एनआयएसटी सांगते. अनेक सर्व्हर एकच किल्ली वापरून काउंटरचा ताळमेळ ठेवू शकत नसतील, तर मी सरळ चाचा२० चा एक्सचाचा२० हा प्रकार, पॉली१३०५ सकट, घेईन. त्याचा नॉन्स १९२ बिटांचा आहे, तिथे यादृच्छिक निवड निर्धास्त करता येते.

वेबसाइटसाठी फार डोकं लावायची गरज नाही: वेबवरचं दळणवळण सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.३ मध्ये दोन्ही आहेत, सर्व्हर आणि ब्राउझर आपसांत ठरवतात. व्हीपीएनसाठी वायरगार्ड हा प्रोटोकॉल घेतलात तर त्यात चाचा२०-पॉली१३०५ शिवाय पर्यायच नाही. ग्राहकाने एफआयपीएस या अमेरिकी सरकारी मानकाची मान्यता मागितली, तर एईएसच घ्यावं लागेल.

एईएस निवडलंत तर कोडमध्ये नुसतं ‘एईएस’ लिहून थांबू नका. जावामध्ये तसं लिहिलं की सहसा ईसीबी पद्धत गळ्यात पडते, म्हणजे प्रत्येक ठोकळा स्वतंत्रपणे बंद करण्याची. तिच्यात सारखे ठोकळे बंद झाल्यावरही सारखेच दिसतात आणि छेडछाड ओळखणारा टॅग नसतो. जीसीएम आणि ‘नो पॅडिंग’सकट पूर्ण नाव द्या.