स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू की शाळेचंच इंग्लिश नीट करून घेऊ?

पोरगं मराठी मीडियमला आठवी-नववीत गेलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं प्रत्येक घरात हा विषय निघतोच, कारण संध्याकाळी पोराकडं एकच तास मोकळा असतो आणि पैसेपण एकाच ठिकाणी घालता येतात. मी दोन्ही जवळून बघितलंय, भाचीला क्लास लावला होता आणि नंतर बंद केला.

क्लासनं भीड मोडते, हे खरं आहे. चारचौघांत उभं राहून बोलायला लागतं, चुकलं तरी कोण हसत नाही, शाळेत एवढ्या पोरांत सरांना प्रत्येकाला बोलतं करायला वेळ कुठला. पण तीन महिन्यांनी भाची तीच पाठ केलेली वीस-पंचवीस वाक्यं बोलत होती, मध्येच कुणी वेगळं विचारलं की गप्प.

आपल्या पोरांची खरी अडचण वाक्याच्या बांधणीत आहे. मराठीत 'मी आंबा खाल्ला', कन्नडमध्ये 'नानु माविनहण्णु तिंदे', दोन्हीकडं क्रियापद शेवटी, आणि इंग्लिशमध्ये 'आय एट अ मँगो', ते मध्येच येऊन बसतं. वर ते 'अ' आणि 'द', तसलं मराठीत नाही आणि कन्नडमध्येपण नाही. नियम घोकून हे बसत नाही हो, वाचून वाचून कानाला सवय व्हावी लागते, आणि ते काम धडे-कविताच करतात.

भाचीला आर. के. नारायण यांची 'अ हिरो' ही गोष्ट होती. स्वामी नावाचा पोरगा वडिलांच्या ऑफिसात एकटा झोपतो, अंधारात घाबरून कुणाच्या तरी घोट्याला चावतो आणि तो निघतो चोर. गाइडमध्ये उत्तर तयार होतं, स्वामी शूर होता. ही म्हणाली, "मामा, भिऊन चावला की ओ तो, मग हिरो कसला?" म्हटलं, हेच लिही. आधी 'ही अफ्रेड सो बाईट' लिहिलं, मग गोष्टीतलीच वाक्यं परत परत बघून 'ही बिट बिकॉज ही वॉज अफ्रेड' झालं. अर्धा तास गेला त्यात, पण स्वतःच्या मनातलं इंग्लिशमध्ये तिनं पहिल्यांदा लिहिलं ते त्या दिवशी, मला फार बरं वाटलं.

मार्कांचं म्हणाल तर एसएसएलसीच्या, म्हणजे आपल्या कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या, ६२५ मध्ये पहिली भाषा मराठी १२५ ची, इंग्लिश १०० चं. खरी गरज त्याच्या पुढं लागते. पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी, तिथं सायन्सला प्रकाशसंश्लेषणाचं एकदम फोटोसिंथेसिस होतं आणि पानंच्या पानं इंग्लिश वाचायला लागतं. बँकेच्या नोकरीसाठीच्या आयबीपीएस परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला, प्रिलिम्सलापण इंग्लिश ३० मार्कांचं, २० मिनिटांत, तिथं बोलून दाखवायचं नसतं, वाचून समजायला लागतं.

दहावीनंतर लगेच गोव्याला हॉटेलात नाहीतर इथंच शोरूमला लागायचं असेल तर मात्र क्लासच लावा, तिथं पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाशी बोलायचं असतं.

बाकीच्यांनी दहावीपर्यंत तो तास शाळेच्या पुस्तकालाच द्यावा असं मला वाटतं, रोज एक पान मोठ्यानं वाचायचं आणि गाइड न उघडता दोन ओळी स्वतःच्या लिहायच्या. क्लास दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत लावा, पण पैसे भरायच्या आधी एक दिवस तिथं जाऊन बसा आणि बघा, पोरं बोलतात का नुसते सरच बोलतात.